उत्तर देताना तो वर का बघतो?

पत्र थोडक्यात असं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका आईने लिहिलंय. मुलगा नववीत. पेपर बरे लिहितो, पण वर्गात किंवा तोंडी परीक्षेत प्रश्न विचारला की छताकडे नाहीतर खिडकीकडे बघतो आणि थांबत थांबत उत्तर देतो. बाईंनी डायरीत शेरा मारला, 'लक्ष नसते, नजरेला नजर देत नाही.' वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. त्यांचं मत असं की नजर चुकवतो म्हणजे अभ्यास केलेला नाही आणि वर खोटं बोलतोय. रोज संध्याकाळी एकच वाक्य: "वर काय लिवलंय व्हय रं? माझ्याकडं बघून बोल." मुलगा आता वडिलांसमोर उत्तर द्यायचंच टाळतो. अशातच शहरातल्या एका क्लासने गल्लीत प्रात्यक्षिक केलं. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवायच्या व्यायामाने डावा-उजवा मेंदू जोडला जातो, मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू जागा होतो, स्मरणशक्ती वाढते, असा त्यांचा दावा. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका मुलीने नोटेवरचा नंबर वाचून दाखवला. पत्रकावर 'डब्ल्यूएचओमान्य तंत्र' छापलंय. फी बारा हजार, रविवारपर्यंत भरले तर दोन हजार सवलत. ताईंची भिशी याच महिन्यात लागली आहे. त्या विचारतात, पैसे भरू का? आणि ही वर बघायची सवय मोडायची कशी? जाता जाता एक ओळ लिहिली आहे: जेवताना, मॅचच्या गप्पा मारताना मात्र तो अगदी तोंडाकडे बघून बोलतो.

ताई,

रविवार जवळ आलाय म्हणून पैशाचं आधी सांगते. भरू नका. सवलत जाते तर जाऊ दे. का, ते पुढे सविस्तर लिहिते, पण तोवर कुणाला फोनवर 'हो' म्हणू नका.

मला तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटला, आणि त्याचं निम्मं उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहून ठेवलंय. पाटाकडील-दिलबहारच्या फुटबॉल मॅचबद्दल बोलताना तो तोंडाकडे बघतो. म्हणजे नजर द्यायला त्याला जमतं. नजर हलते ती प्रश्न आल्यावर. आता एवढंच करा: चार-पाच दिवस काही न बोलता बघा, कुठल्या प्रश्नाला हलते. 'दूध आणलंस का' याला तो छताकडे बघणार नाही. 'आवाज हवेतून लवकर जातो की लोखंडातून, आणि का' असं विचारलं तर बघेल. माझा अंदाज बरोबर निघाला, तर ती सवय मोडायची नाही. तो विचार करतोय, आणि विचार करण्यासाठी त्याने तुमचा चेहरा क्षणभर बाजूला ठेवलाय.

समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर फार काही चाललेलं असतं. भुवया, ओठ, कपाळाची आठी, 'आता हा चुकणार' अशी वाट बघणारे डोळे. आपला मेंदू हे सगळं वाचल्याशिवाय राहत नाही, वाचायचं नाही असं ठरवलं तरी. त्यात वडिलांचा चेहरा असेल तर बघायलाच नको. डोक्यात उत्तराची जुळवाजुळव चालू असताना हा सगळा मजकूर आत येत राहिला की जुळवाजुळव ढासळते. म्हणून डोळे कुठेतरी रिकाम्या जागी जातात. छत रिकामं असतं. भिंत रिकामी असते. १९९८ साली अमेरिकेत आर्थर ग्लेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रौढांवर तपासलं होतं. प्रश्न जितका अवघड, तितकी माणसं नजर जास्त वळवतात, आणि डोळे मिटायची मुभा दिली तर मध्यम अवघड प्रश्नांची उत्तरं जास्त बरोबर येतात. पुढे ब्रिटनमध्ये ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन यांनी हेच मुलांमध्ये बघितलं. आठ वर्षांची मुलं अवघड प्रश्नाला मोठ्यांसारखीच नजर वळवतात. पाच वर्षांची कमी वळवतात. आणि मग त्यांच्या गटाने गंमतच केली. पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना दुसरीकडे बघायला मुद्दाम शिकवलं, तर त्यांची उत्तरं सुधारली. तुमच्याकडे जी गोष्ट मोडायचं चाललंय, ती तिथे शिकवावी लागली.

याच अभ्यासातली एक बारीक गोष्ट बाईंना सांगण्यासारखी आहे. मुलं नजर वळवतात ती मुख्यतः उत्तर शोधताना, प्रश्न ऐकताना फारशी नाही. म्हणजे ऐकताना त्याने तोंडाकडे बघावं ही अपेक्षा रास्त आहे. प्रश्न संपला की त्याचे डोळे त्याचे.

आता वडिलांचं म्हणणं. ते तालमीतले आहेत, त्यामुळे नजरेला ते किंमत देतात यात चूक काहीच नाही. मैदानात उतरलेल्या माणसाची नजर भरकटली की डाव बसलाच म्हणायचा. खेळात नजर स्थिर ठेवण्यावर कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रो टाकणारे कसलेले खेळाडू चेंडू सोडण्याआधी नजर कड्यावर जरा जास्त वेळ रोखून धरतात, असं त्यांना दिसलं. पण तिथे हवी असलेली माहिती समोर असते: कडं, चेंडू, प्रतिस्पर्ध्याचा खांदा. तोंडी परीक्षेत हवी असलेली माहिती बाईंच्या चेहऱ्यावर लिहिलेली नसते. ती आत आहे. आत बघायला बाहेरचं थोडं कमी करावं लागतं.

आणि खोटं बोलण्याचं म्हणाल, तर वर उजवीकडे बघितलं की खोटं, डावीकडे बघितलं की खरं, असली कोष्टकं व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत सर्रास वाटली जातात. २०१२ मध्ये रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्ष तपासली, काही निघालं नाही. खोटं पकडायचंच असेल तर वही बघावी. वडिलांना हे वाचून दाखवण्याऐवजी एक करा. ते चहा घेत निवांत बसले असताना सहज विचारा, "अहो, सतरा गुणिले चोवीस किती हो?" आणि मुलाला शेजारी बसवून ठेवा. दोघांनी त्यांच्या डोळ्यांकडे बघा. लेथवर मायक्रॉनचा हिशोब करणारा माणूस आहे, उत्तर येईलच त्यांना. पण ४०८ म्हणायच्या आधी त्यांची नजर कपबशीवरून उठून कुठेतरी जाईल. त्यावर तिघं मिळून हसलात, तर माझं हे अख्खं सदर वाचून घेण्यापेक्षा जास्त काम होईल.

आता क्लासकडे येते. ताई, तुम्ही भाबड्या आहात म्हणून फसत होता असं मला वाटत नाही. त्या पत्रकात एक खरी गोष्ट दडलेली आहे, म्हणूनच ते पटतं. डोळे हलण्याचा आणि मेंदूच्या भागांमधल्या बोलचालीचा संबंध खरोखर आहे, आणि तो फार सुंदर आहे. तो नीट कळला की बारा हजारांचा प्रश्न आपोआप सुटतो, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

हात लांब करून अंगठा धरा आणि त्याच्या नखाकडे बघा. आपल्याला एका वेळी अगदी स्वच्छ दिसतं ते साधारण तेवढंच. बाकी सगळं धूसर. तरी अख्खं अंगण स्वच्छ दिसतंय असं वाटतं, कारण डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारत ते तुकड्यातुकड्यांनी गोळा करत असतात. जागेपणीच्या दिवसभरात या उड्या लाखाच्या वर जातात. ही ओळ वाचतानाही तुमची नजर शिरोरेषेखालून सरळ सरकत नाहीये. ती एका शब्दावर पाव सेकंद थांबते, उडी मारते, थांबते, मधूनच मागे येते. या उड्यांना शास्त्रात सॅकेड म्हणतात. आपल्याला त्या जाणवत नाहीत. आरशासमोर उभं राहून आधी एका डोळ्याकडे आणि मग दुसऱ्या डोळ्याकडे बघा. स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतील. रेमंड डॉज या मानसशास्त्रज्ञाने हे १९०० साली नोंदवून ठेवलंय. उडीच्या क्षणी मेंदू दृष्टीची जाणीव दाबून टाकतो.

हे दाबायचं कधी, ते त्याला कसं कळतं? उडीचा हुकूम सोडणारे भाग बाकीच्यांना आधी कळवतात म्हणून. कपाळामागचा एक भाग, डोक्याच्या मागच्या-वरच्या बाजूचा एक भाग आणि मध्यमेंदूतला सुपिरिअर कॉलिक्युलस नावाचा छोटासा उंचवटा, यांच्या सल्लामसलतीतून ठरतं की नजर आता कुठे न्यायची. तिथून हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो आणि प्रत्येक डोळ्याच्या सहा स्नायूंपर्यंत पोचतो. पण त्याच हुकमाची एक प्रत वरही जाते. मार्क सॉमर आणि रॉबर्ट वुर्ट्झ यांनी २००२ मध्ये माकडांमध्ये ही वाट दाखवून दिली: मध्यमेंदूतून थॅलॅमस या मेंदूच्या मधोमध असलेल्या निरोप्या भागात, आणि थॅलॅमसमधून कपाळामागच्या भागात. ही प्रत मिळते म्हणून नजर इकडून तिकडे गेली तरी घर हलल्यासारखं वाटत नाही. एक डोळा मिटून दुसऱ्याच्या कडेला पापणीवरून अगदी हलक्या बोटाने दाबलंत तर मात्र घर हलतं, कारण ती हालचाल बोटाने केली, हुकूम सुटलाच नाही, प्रत गेलीच नाही.

आणि आठवणींचं काय? कानाच्या आत खोलवर, मेंदूच्या दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस असतो. नवी आठवण बांधायला तो लागतो. त्याच्या पेशींच्या कामाला एक लय असते. २०१३ मध्ये माकडांवर झालेल्या नोंदींत दिसलं की प्रत्येक नजरउडीबरोबर ही लय नव्याने जुळते, आणि ती जितकी नेमकी जुळते तितकं ते चित्र माकडाला नंतर चांगलं ओळखता येतं. लेझमाच्या ताफ्यात सगळे थोडे पुढेमागे झालेले असताना हलगीची एक कडक थाप पडते आणि पन्नास पावलं एकदम जुळतात, तसं काहीसं. नजर नव्या जागी पोचली की बघणारा भाग आणि लक्षात ठेवणारा भाग एकाच ठेक्यावर येतात, आणि आलेली माहिती नेमक्या वेळी पुढे सरकते.

माणसांवरचा एक प्रयोग तुमच्या घरासाठी तर फारच बोलका आहे. टोरोंटोच्या जेनिफर रायन यांच्या गटाने २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये झोपलेल्या तरुणांना चित्रं दाखवली. काही वेळा डोळे मोकळे, हवं तिथे बघा. काही वेळा नजर एकाच ठिपक्यावर रोखून ठेवा. नजर रोखली तेव्हा दृश्य समजून घेणाऱ्या भागांतलं आणि हिप्पोकॅम्पसमधलं काम कमी झालं, त्या भागांचा एकमेकांशी मेळ घटला आणि चित्रंही नंतर कमी आठवली. 'एका जागी टक लावून बस' असं सांगणाऱ्या प्रत्येकाने हे जरा मनावर घ्यावं, मास्तरांपासून आजोबांपर्यंत.

मग क्लासवाले बरोबरच म्हणतात की, असं तुम्ही म्हणाल. डोळे हलले की मेंदूचे भाग जुळतात. नाही, इथेच मेख आहे. वरच्या सगळ्या गोष्टींत डोळे काहीतरी शोधायला हलत होते. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी फार पूर्वी दाखवलं होतं की एकाच माणसाला एकच चित्र दाखवून 'यातल्या लोकांची वयं किती असतील' असं विचारलं तर नजर एका वाटेने फिरते, आणि 'त्यांनी काय कपडे घातलेत' विचारलं तर दुसऱ्याच वाटेने. नजरेला वाट दाखवतो तो प्रश्न. नुसता बुबुळांचा डावी-उजवी व्यायाम केला तर त्या उडीला काही आणायचंच नसतं.

तो व्यायाम कुठून आला तेही सांगते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या स्टीफन ख्रिसमन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की अर्धा मिनिट डोळे डावी-उजवीकडे फिरवल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत लोकांना थोडं जास्त आठवलं. कारण म्हणून त्यांनी मेंदूच्या दोन अर्धांचा संपर्क वाढत असावा असा तर्क मांडला. तर्क म्हणून ठीक होता. मग इतरांनी डोक्याला इलेक्ट्रोड लावून तो संपर्क खरंच वाढतो का ते मोजलं, तर वाढ दिसली नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्समध्ये या परिणामावर विश्वास असलेल्या आणि नसलेल्या संशोधकांनी एकत्र बसून, सगळ्या अटी आधी लिहून ठेवून प्रयोग केला. आठवण सुधारली नाही. मूळ दावाही अर्ध्या मिनिटाच्या व्यायामाचा आणि त्यानंतरच्या काही मिनिटांचा होता. त्यावरून वीस-पंचवीस दिवसांचा कोर्स आणि दहावीचे टक्के कुठून आले, ते त्या क्लासलाच माहीत.

शिवाय डावा आणि उजवा मेंदू तुमच्या मुलाचे जोडलेलेच आहेत. साधारण वीस कोटी तंतूंचा जाड पट्टा, कॉर्पस कॅलोझम, जन्मापासून त्यांच्यामध्ये आहे. डाव्या-उजव्याची ही सगळी चर्चा लोकांत पसरली ती रॉजर स्पेरी यांच्या कामामुळे. त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. पण त्यांनी अभ्यासलेल्या रुग्णांचा तो पट्टा तीव्र फेफऱ्यावर उपाय म्हणून शस्त्रक्रियेने कापलेला होता. धडधाकट मुलाला ते लागू करणं म्हणजे चालत्या माणसाला कुबड्या विकणं.

मिडब्रेनबद्दल तर मला हसावं की रडावं कळत नाही. मघाशी ज्या उंचवट्याचं नाव घेतलं तो सुपिरिअर कॉलिक्युलस मिडब्रेनमध्येच असतो. डोळे हलवणाऱ्या तीनपैकी दोन नसांची केंद्रंही तिथेच. तुमचा मुलगा छताकडे बघतो तेव्हा त्याचा मिडब्रेन उत्तम चाललेला असतो. त्याला जागं करायला कुणी यायची गरज नाही. आणि पट्टी बांधून नोट वाचण्याचा खेळ अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात आणि बाहेरही उघडा पाडलाय. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, तिथून खाली बघता येतं. मूल मान किंचित वर करतं, नोट छातीजवळ धरतं. पुढच्या वेळी प्रात्यक्षिक झालं तर नोट त्या मुलीच्या डोक्याच्या मागे धरायला सांगा, किंवा झाकण लावलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवून द्या. त्या मुलीवर मात्र चिडू नका. तिला मोठ्यांनीच हे करायला लावलंय, आणि रोज लोकांसमोर खोटं करायला शिकवणं हे एखाद्या मुलाला दिलेलं सर्वांत वाईट शिक्षण आहे.

राहिलं डब्ल्यूएचओचं. तिथे एक गल्लत मुद्दाम केलेली दिसते. ईएमडीआर नावाची उपचारपद्धत आहे. अमेरिकेतल्या फ्रान्सिन शापिरो यांनी ती १९८०च्या दशकाच्या शेवटी मांडली. जबर धक्क्यानंतर ज्यांना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, झोप लागत नाही, अशा लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस केली आहे. यात माणूस ती आठवण मनात धरतो आणि डोळ्यांनी उपचारकाच्या हालत्या बोटाचा माग काढतो. दोन कामं एकदम आल्याने आठवणीचा दाह कमी होतो, असं स्पष्टीकरण आज सगळ्यात जास्त टिकून आहे. म्हणजे तिथे आठवण फिकी करायचं काम चालतं, आणि हे लोक ती तल्लख करायला तेच तंत्र विकतायत! हा उपचार प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञच करतात. २०१९ च्या महापुरानंतर पाऊस वाढला की आजही ज्यांना धाप लागते, रात्र जागून निघते, असे वाचक आपल्याकडे आहेत. त्यांनी याची चौकशी जरूर करावी, पण दवाखान्यात, क्लासमध्ये नाही.

आता तुम्ही काय करायचं ते लिहिते. हे फुकट आहे, म्हणून त्याची किंमत कमी समजू नका.

बाईंना भेटा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. एवढंच सांगा की हा विचार करताना वर बघतो, त्याला प्रश्नानंतर तीन सेकंद द्या. तीन हा आकडा मी मनचा देत नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली संभाषणं मोजली तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखाद सेकंदच थांबतात असं निघालं. ती वाट तीन सेकंदांपर्यंत लांबवली तर मुलांची उत्तरं लांब, विचारपूर्वक व्हायला लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक वेळी थांबणं सोपं नाही, हे मलाही कळतं. तोंडी परीक्षेपुरतं जमलं तरी पुष्कळ.

मुलालाही एक युक्ती शिकवा. प्रश्न ऐकताना बाईंकडे बघायचं, मग "एक मिनिट, विचार करतो" असं म्हणून खुशाल वर बघायचं, आणि उत्तर देताना पुन्हा त्यांच्याकडे यायचं. ते एक वाक्य मधे आलं की समोरच्याचा गैरसमज होत नाही. पुढे मुलाखतींतही त्याला ते उपयोगी पडेल.

घरी त्याला समोर बसवून प्रश्न विचारणं बंद करा. शेजारी बसा. रंकाळ्याला चालायला जा आणि चालता चालता विचारा. दोघांची नजर पाण्याकडे असली की उत्तरं किती सुटी येतात ते बघा. वडिलांना विचारायचंच असेल तर वर्कशॉपमधून येताना गाडीवर मागे बसवून विचारू देत. तिथे नजरेचा प्रश्नच येत नाही. (हेल्मेट घालून, हळू, आणि अवघड प्रश्न सिग्नलला थांबल्यावर.)

अभ्यासाला बसताना धडा उघडण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहायला सांगा. 'हृदयाच्या या आकृतीत अशुद्ध रक्त कुठून आत येतं?' आता त्याची नजर त्या आकृतीत शोधत फिरेल, आणि असं फिरणंच लक्षात राहायला मदत करतं. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढू दे. त्या वेळी तो भिंतीकडे बघून 'ते वर डावीकडे होतं' असं पुटपुटला तर अडवू नका. आठवताना डोळे पुष्कळदा ती गोष्ट जिथे पाहिली होती त्या जागेकडे वळतात, जागा रिकामी असली तरी. यासाठीच शक्यतो एकाच पुस्तकातून, एकाच वहीतून उजळणी करू दे. आज झेरॉक्स, उद्या मोबाईलवरची पीडीएफ, परवा गाईड, असं केलं की ती जागाच बदलत राहते. आणि वाचताना मागे जाऊन ओळ पुन्हा वाचली तर त्याला मंद समजू नका. कसलेल्या वाचकाच्याही दहा उड्यांत एखाददुसरी मागे जाते. 'मागे न बघता भराभर वाचा' शिकवणारे क्लासही येतील एक दिवस गल्लीत, तेव्हा हे लक्षात असू द्या.

एवढं लिहूनही एका गोष्टीबाबत मी तुम्हाला गाफील राहू देणार नाही. हे तुमच्यासारख्या इतर पालकांनीही नीट वाचावं. प्रश्न नसताना, जेवता जेवता किंवा बोलता बोलता मध्येच मूल काही सेकंद थिजलं, डोळे वर गेले किंवा पापण्या फडफडल्या, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी भानावर आलं नाही, आणि नंतर त्याला काही आठवत नसेल, तर तो विचार नव्हे. ते फेफऱ्याचा एक सौम्य दिसणारा प्रकार असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. असं दिसलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून बालरोगतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मूल लहानपणापासून कुणाशीच, अगदी आवडीच्या विषयावर बोलतानाही नजर देत नसेल, तर त्याचीही वेगळी तपासणी करून घ्यावी. तुमच्या मुलाच्या बाबतीत यातलं काही पत्रावरून दिसत नाही. तरी विचार करताना त्याला एकदा हळूच हाक मारून बघा. "थांब गं आई" असं उत्तर आलं की निर्धास्त व्हा.

डोळ्यांची साधी तपासणी मात्र करून घ्याच. नववीतल्या मुलाला लांबचं कमी दिसत असेल तर तो स्वतःहून सांगेलच असं नाही, आणि फळ्यावरचं न दिसणारं मूलही बाईंना 'लक्ष नसलेलं' वाटतं. वाचताना एक डोळा झाकतो का, मान तिरकी करतो का, अक्षरं दोन-दोन दिसतात का, अभ्यासानंतर कपाळ दुखतं का, हे विचारून ठेवा. सीपीआर रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवा, नाहीतर तुमच्या नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांकडे. लागलाच तर चष्मा भिशीच्या पैशातून घ्या, त्याला आवडेल तो. आणि जाताना तो वर्गात कितव्या बाकावर बसतो तेही डॉक्टरांना सांगा.